चार मिळवा

आमच्या घरी मिस्तरी आले की बायको त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवायची आणि लगेच आत निघून जायची. पुढचा प्रकार तिला बघवायचा नाही. मिस्तरी खिशातून फडक्यात गुंडाळलेली पाऱ्याची नळी काढायचे, सदऱ्याच्या बाहीला पुसायचे आणि सरळ चहात उभी करायचे. मग मी बोलत बसायचं आणि त्यांनी नळीकडे बघत बसायचं. पारा त्यांच्या मनाजोगा खाली आला की नळी पुन्हा फडक्यात, आणि मग चहा. तोवर त्यावर साय धरलेली असायची. ती ते बोटानं बाजूला करायचे आणि समाधानानं प्यायचे. एकदा बायकोनं न राहवून विचारलंच, "भावजी, देवानं जीभ कशापायी दिलीया?"

"जिभेला सवय लागती वहिनी," मिस्तरी म्हणाले. "पाऱ्याला लागत न्हाई."

हे मी संस्थानी काळातलं सांगतोय. तेव्हा मिस्तरींना भोरात सगळेच ओळखायचे आणि निम्मे लोक टाळायचे. बाळंतिणीच्या घरी गेले तर बाळाच्या अंघोळीचं पाणी मोजायचे. जिलबीवाल्याच्या कढईशी उभे राहिले तर तेल किती तापलंय यावरून त्याच्याशी हुज्जत घालायचे. आंबवड्याला एका लग्नाला आम्ही मिळून गेलो होतो. तिथं नवरदेव हळद लावून पाटावर कुडकुडत बसलेला, करवल्या तांब्या उचलून तयार, आणि आमचे मिस्तरी मध्ये घुसून घंगाळात नळी बुडवून उभे. "थांबा, वाईच जास्त हाय," म्हणाले. नवरदेवाच्या मामानं त्यांना दंडाला धरून बाजूला केलं तेव्हा कुठं अंघोळ झाली. जेवायला बसल्यावर मिस्तरी मला हळूच म्हणाले, "पोळलं आसंल त्याला. बोलला न्हाई, लाजला."

त्यांचं काम सांगितलं तर आज कुणाला खरं वाटत नाही. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातली माणसं हिरडा गोळा करून पाटीनं, बैलावर लादून खाली आणायची. ओला हिरडा अंगणात वाळत घातला आणि आभाळ भरून आलं की तो काळा पडायचा, बुरशी धरायचा. म्हणून भोरातल्या एका शेटनं आपल्या वखारीत हिरडा वाळवायची खोली बांधली. मागे भट्टी, भट्टीशेजारी तेलाच्या इंजिनावर फिरणारा मोठा पंखा, आणि तिथून खोलीभर गरम हवा नेणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे. ते बोगदे मी केले. पत्रा कापायचा, वाकवायचा, झाळायचा हा आमचा घरचा धंदा. बोगद्यातली हवा किती तापलीय हे भट्टीपाशी बसलेल्या माणसाला कळावं म्हणून आत नळी बसवायची आणि तिच्या तारा ओढायच्या, हे मिस्तरींचं काम. नळीच्या काचेत दोन बारीक तारा असायच्या. एक तळाशी पाऱ्यात बुडालेली, दुसरी वर, ठरलेल्या अंशावर. पारा चढून वरच्या तारेला टेकला की भट्टीपाशी घंटी वाजायची आणि भट्टीवाला सखाराम झडप लावून हवा कमी करायचा. भोरातली खोली बघून मग वेल्ह्याला एक झाली, शिवऱ्याला भुईमुगाच्या शेंगांसाठी एक झाली. तिन्हीकडे पत्रा माझा आणि तारा मिस्तरींच्या.

ते मुंबईच्या एका गिरणीत हेच काम शिकून परत आले होते. काळी टोपी, अनवाणी पाय, खांद्यावर सुती वेष्टणाच्या तारेचं भेंडोळं आणि टोपीत खोचलेल्या उदबत्त्या. नव्या माणसाला वाटायचं, मोठा भाविक आहे. त्या उदबत्त्या बोगद्यासाठी असायच्या. पंखा सुरू केला की मिस्तरी माझ्या नव्याकोऱ्या पत्र्याला भोक पाडायचे, पेटती उदबत्ती आत सरकवायचे आणि भोकाला डोळा लावून धूर कुठं जातो ते बघत बसायचे. वळणाजवळ हवा एका अंगानं पळते, दुसऱ्या अंगाला नुसती घुटमळते. घुटमळणाऱ्या हवेत नळी बसली तर ती भलतंच सांगणार. म्हणून वळणापासून लांब, बोगद्याच्या मधोमध, पत्र्याला कुठंही न टेकणारी, आणि भट्टीचा उजेड थेट अंगावर येऊ नये म्हणून वर एक टोपडं घातलेली, अशी जागा त्यांना हवी असायची. ती सापडेपर्यंत भोकं पडत राहायची आणि प्रत्येक भोक मला झाळून बुजवायला लागायचं.

"मिस्तरी, पत्रा हाय हा. चाळन न्हवं," मी वैतागून म्हणायचो.

"बघून सांगतो," ते म्हणायचे आणि पुढचं भोक पाडायचे.

हे "बघून सांगतो" त्यांच्या तोंडी सदान्‌कदा. बरं आहे का, असं कुणी वाटेत विचारलं तरी ते क्षणभर थांबून विचार करायचे. पाऊस येईल का, भात शिजला का, उद्या येताय का, सगळ्याला एकच उत्तर. त्यांच्या लग्नाचंही तसंच झालं. तरुणपणी हिर्डोशीकडची एक मुलगी सांगून आली होती. मुलगी पसंत होती, घर पसंत होतं. मिस्तरी म्हणाले, बघून सांगतो. ते बघत राहिले आणि मुलीच्या बापानं कंटाळून तिला दुसरीकडे दिली. मिस्तरी तसेच राहिले. लोक याची चेष्टा करायचे, मीही करायचो. या सवयीनं पुढे काय करून ठेवलं ते पाहिल्यापासून मात्र मला त्यावर हसू येत नाही.

आता हुसेनभाईंविषयी सांगतो, कारण त्यांच्याशिवाय मिस्तरी सांगताच येत नाहीत. पाऱ्याच्या नळ्या हुसेनभाई करायचे. मूळचे भोरचेच, घर नदीच्या अंगाला. उमेदीची वर्षं मुंबईत काचसामानाच्या कारखान्यात काढून आलेले. दिव्याच्या ज्योतीवर फुंकणीनं वारा घालून काच मऊ करायची, केसासारखी तार आत सोडायची आणि काच पुन्हा मिटवायची, हे काम ते करायला बसले की आम्ही श्वास रोखून बघायचो. अंशांच्या रेघाही स्वतः ओढायचे. माणूस अबोल. मिस्तरींचा हट्टीपणा त्यांना पुरता ठाऊक होता आणि तो त्यांना आवडायचाही. "ह्यो मानूस हाय म्हनून माझ्या काचेचं चीज होतंय," असं ते मला म्हणाले होते. दोघं एका विडीचे अर्धे अर्धे भागीदार होते. त्यांच्या घरी भाभी मिस्तरींना जेवायला वाढायच्या आणि वाढताना स्वतःच सांगायच्या, "कालवन गरम हाय, मोजा आन् मग खावा."

मग एका हंगामात भोरच्या वखारीत हिरडा यायला सुरुवात झाली तो दिवस. अंगण माणसांनी भरलेलं. डोंगरातून पाट्या घेऊन आलेले बाप्ये, हिरडा निवडायला बसलेल्या बाया, ओट्यावर शेट, भट्टीपाशी सखाराम. मी शिडीवर चढून बोगद्याचा शेवटचा सांधा झाळत होतो. हुसेनभाईंनी नव्या नळ्या कापसात ठेवून आणल्या होत्या. मिस्तरींनी तोवर कधी केलं नव्हतं ते त्या दिवशी केलं. शाळेच्या पुस्तकात त्यांनी वाचलेलं होतं की पाणी फॅरनहाइटच्या दोनशे बारा अंशांवर उकळतं. त्यांनी तीन दगड मांडले, पातेल्यात पाणी ठेवलं, पाणी खळाखळा उकळलं आणि त्यात नळी धरली. पारा दोनशे आठवर थांबला. मिस्तरींनी दुसरी नळी घातली. तीही दोनशे आठ. तिसरीही तेवढीच.

"हुसेनभाई, चार अंश कमी दावतीया," मिस्तरी म्हणाले.

हुसेनभाई पुढे आले, नळीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय. हितं एवढंच दावनार. आपन उंचावर ऱ्हातो. समुद्राकाठी दोनशे बारा व्हतं, वर चढलं की पानी लौकर उकळतं."

मिस्तरी त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे पान्याला बी ठावं आसतं व्हय, आपन भोरात हाय म्हनून?"

सगळं अंगण हसलं. शेट हसले, बाया तोंडाला पदर लावून हसल्या. डोंगरावरून उतरून आलेला एक म्हातारा म्हणाला, "आमी तर लई वर ऱ्हातो बाबा, आमच्यात चूल बी पेटवाय नगं मग." पुन्हा हशा झाला. हुसेनभाई काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते, पण ते मुळातच कमी बोलणारे, आणि एवढ्या माणसांत त्यांचा आवाज पोचेना.

मिस्तरींना हशा आवडायचा नाही, पण त्या दिवशी तो त्यांच्या बाजूनं होता. ते म्हणाले, "काच खोटी हाय."

"काच खोटी म्हना हवं तर," हुसेनभाई म्हणाले. "मला म्हनू नका."

"काच कुनी केली?" मिस्तरी म्हणाले. "काच खोटी आन् मानूस बी खोटा."

हुसेनभाईंनी एकेक नळी पुसून कापसात ठेवली, पेटी उचलली आणि फाटकातून बाहेर गेले. शेटनं ओट्यावरूनच सांगून टाकलं की यापुढे नळ्या मुंबईहून मागवायच्या. एवढ्यावरच थांबलं असतं तरी चाललं असतं. पण भोर ते केवढं? खोट्या काचेवाला, असं बाजारात पोरंसोरंसुद्धा म्हणायला लागली. वैद्यांनी त्यांच्याकडून बाटल्या घेणं बंद केलं. डॉक्टर ताप मोजायची नळी दुरुस्तीला पाठवायचे, ते थांबलं. कंदिलाच्या काचा बसवून घ्यायलाही लोक दुसरीकडे जायला लागले. एका सकाळी हुसेनभाई आणि भाभी सामान गाडीत घालून वरंध घाटानं महाडला निघून गेले. तिथं भाभींची मावशी होती.

गंमत अशी, गंमत म्हणायला जीभ रेटत नाही, की मुंबईहून आलेल्या नळ्यांनीही उकळत्या पाण्यात दोनशे आठच दाखवलं. दुसऱ्या कोणत्याही माणसानं इथं डोकं खाजवलं असतं. मिस्तरी म्हणाले, "सगळी मुंबईच खोटी." वेल्ह्याला त्याच नळीनं आणखी अर्धा अंश कमी दाखवलं, तेव्हा वेल्ह्याच्या पाण्यात काहीतरी दोष आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांनी माझ्याकडून पत्र्याचे छोटे बिल्ले करून घेतले. प्रत्येक बिल्ल्यावर खिळ्यानं ठोकून अक्षरं काढायची: "चार मिळवा." भोर, वेल्हे, शिवरे, जिथं जिथं नळी तिथं तिथं तिच्या गळ्यात तो बिल्ला. बोगद्याला ठेवलेल्या काचेतून नळी जे दाखवेल त्यात भट्टीवाल्यानं चार मिळवायचे आणि घंटी वाजायच्या आधीच झडप लावायची. हिरडा वाळायला जरा जास्त वेळ लागायचा, एवढंच. हिरड्याचं काही बिघडलं नाही.

हुसेनभाईंचं नाव मिस्तरी काढत नसत. पण विडी ओढताना अर्धी झाली की ते ती उगाच विझवून कानावर ठेवायचे आणि मग कुठंतरी पाडायचे. मला ते दिसायचं. मी बोललो नाही आणि त्यांनी मला बोलू दिलंही नसतं.

दोन-तीन हंगाम असे गेले. मग महाडच्या एका व्यापाऱ्यानं भात सुकवायला तसलीच खोली बांधायची म्हणून आम्हा दोघांना बोलावलं. थंडी सरत आली होती. हिर्डोशीपर्यंत बैलगाडी, पुढे घाट पायी उतरून आम्ही महाडला पोचलो. पत्रा बसला, पंखा बसला, आणि सवयीप्रमाणे मिस्तरींनी अंगणात तीन दगड मांडून पाणी ठेवलं. पाणी उकळलं. नळी आत गेली आणि पारा सरळ दोनशे बारावर जाऊन उभा राहिला.

मिस्तरींनी पाणी ओतून दिलं. दुसऱ्या विहिरीचं आणलं. पुन्हा दोनशे बारा. दुसरी नळी. दोनशे बारा. मी बाजूला पत्रा कापत होतो, माझ्या हातातली कात्री थांबली. मिस्तरींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. चूक सापडली की माणूस कधी कधी चिडतो, कधी सारवासारव करतो. ते नुसते खाली बसले. जाळ विझला, पाणी निवलं, तरी नळी हातातच होती.

मग त्यांनी विचारलं, "पत्रेवाले, हुसेनभाई हितंच ऱ्हातो ना?"

"मशिदीच्या मागच्या आळीत, असं कानावर हाय."

"हं."

"जाऊ या का? आत्ताच जाऊ."

ते उठले, दोन पावलं चालले आणि थांबले. "न्हाई," म्हणाले. "आदी नीट बघतो. येकदा बघितल्याशिवाय बोललो, त्येचं काय झालं बघितलंत. आता सगळं बघून मगच त्याच्या म्होरं उभा ऱ्हानार."

मला त्या वेळी ते पटलं. एवढा मोठा शब्द परत घ्यायचा तर हातात काहीतरी घेऊन जावं, असं मलाही वाटलं. आज वाटतं, मशिदीच्या मागची आळी तिथून हाकेच्या अंतरावर होती.

परतताना त्यांनी घाटात जागोजाग पाणी उकळलं. पायथ्याशी, मधल्या वळणावर, माथ्यावर, मग हिर्डोशीच्या ओढ्याकाठी. मी काटक्या गोळा करायच्या, त्यांनी जाळ घालायचा. जसजसं वर चढावं तसतसा पारा खाली. हिर्डोशीची एक म्हातारी डोक्यावर भारा घेऊन चालली होती. ती थांबून बघत राहिली आणि मला म्हणाली, "ह्यो वाटंनं च्या करत चाललाय, आन् पीत मातुर न्हाई. बरा हाय न्हवं त्यो?" मी म्हणालो, बरा आहे. माथ्यावरच्या वाऱ्यात जाळ धरेना, तर मिस्तरींनी आपलं धोतर सोडून आडोसा धरला आणि लंगोटीवर उभे राहून पारा पाहिला. दुसरी कोणती वेळ असती तर मी गावभर हसवलं असतं लोकांना.

भोरला आल्यावर त्यांनी सगळे बिल्ले काढून टाकले. त्यांच्या बोलण्यातली खात्री गेली. काहीही सांगितलं की मागे गावाचं नाव जोडायचे. "येकशेचाळीस. भोरात." माझ्या बायकोनं विचारलं, मीठ बरोबर आहे का भाजीत, तर म्हणाले, "हितं तरी बरोबर हाय." ती मला आत बोलावून म्हणाली, यांना काहीतरी झालंय. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग हितं काय करतायत? जा म्हनावं की तिकडं."

मी ते त्यांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "तोरन्याचा माथा बघायचा ऱ्हायलाय." आम्ही वेल्ह्याला गेलो, तोरण्यावर चढलो, पाणी उकळलं. पारा आणखी खाली. मी म्हणालो, आता झालं ना? ते म्हणाले, शिवऱ्याला एकदा बघू. शिवरं झालं. मग आंबवडे. मग तोरण्याच्या दिवशी आभाळ होतं, स्वच्छ उन्हात पुन्हा बघायला पाहिजे, असं निघालं. मला कळत होतं की आता हे पाणी मोजणं राहिलेलं नाही. हुसेनभाईंच्या दारात उभं राहण्याची त्यांना भीती वाटत होती, आणि उकळतं पाणी त्यांना पुरतं होतं लपायला. एवढ्यात पाऊस लागला आणि घाट बंद झाला.

दसऱ्यानंतर आम्ही महाडला गेलो. वाटेत मिस्तरी पुटपुटत होते. कुठं किती अंश, ते सगळं तोंडपाठ करून हुसेनभाईंना ओळीनं सांगायचं होतं त्यांना. मशिदीमागची आळी सापडली, घर सापडलं. भाभींनी दार उघडलं. ओळखलं, पण हसल्या नाहीत. आत या म्हणाल्या.

हुसेनभाई श्रावणात गेले होते. साधा ताप आला आणि तोच वाढत गेला.

मिस्तरी भिंतीला टेकून बसले. मला वाटलं आता ते रडतील किंवा उठून जातील. पण त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि ते पाठ केलेलंच बोलायला लागले. महाडला इतकं, घाटाच्या पायथ्याला इतकं, माथ्यावर इतकं, हिर्डोशीला इतकं, भोरात इतकं, तोरण्यावर इतकं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला तरी थांबेनात. भाभी समोर उंबऱ्याशी बसून ऐकत होत्या. सगळं संपल्यावर मिस्तरी म्हणाले, "त्याची काच खरी हुती, भाभी. मी चुकलो."

भाभी म्हणाल्या, "त्यातलं मला काय कळत न्हाई. आन् त्यांची काच खरी हुती हे मला सांगाय तुमी कशाला पायजे? मला ठावं हुतं. त्यांनाबी ठावं हुतं."

"व्हय."

"तुमी त्यांना खोटा म्हनालात ते वखारीच्या अंगनात. सगळ्या भोराम्होरं. आन् चुकलो म्हनताय ते हितं, दार लोटून, मला येकलीला." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मिस्तरी, ज्यांनी ते ऐकलं त्यांना हे सांगा. आन् सांगितलंत की मला कळवा. मग मी मानीन तुमी आला हुता म्हनून."

मिस्तरी उठले आणि त्यांनी भाभींच्या पायाला हात लावला. भाभींनी पाय मागे घेतले नाहीत.

भोरला पोचल्यावर ते घरी गेले नाहीत. तडक वखारीवर. मी सोबत होतोच. शेट ओट्यावर होते, सखाराम भट्टीची राख काढत होता, चार-सहा गिऱ्हाईकं आणि पोती उचलणारे हमाल होते. मिस्तरी अंगणाच्या मधोमध उभे राहिले. हातात पातेलं नाही, नळी नाही. मोठ्यानं म्हणाले, "समद्यांनी ऐका. हुसेनभाई खोटा न्हवता. त्याची काच खरी हुती, त्यो म्हनत हुता तेच खरं हुतं. हितं उभा ऱ्हाऊन मी त्याला खोटा म्हनलो. खोटा मी हुतो."

सगळे थांबून बघत राहिले. एका हमालानं विचारलं, "कोन हुसेनभाई?" सखाराम त्याला हळू आवाजात सांगायला लागला. शेट म्हणाले, "अहो मिस्तरी, किती जुनं झालं ते. आता काय त्याचं. बरं झालं आलात, घंटी अडकतीया, तेवढी बघा." कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. पोती पुन्हा उचलली जाऊ लागली. ज्या गोष्टीनं एका माणसाला गाव सोडायला लावलं, ती त्यांच्या लेखी एका सकाळची करमणूक होती आणि ती केव्हाच संपली होती. मिस्तरींनी पुन्हा एकदा तेच सगळं पहिल्यापासून सांगितलं, तितक्याच मोठ्यानं. मग बाहेर फाटकाशी, मग बाजारात. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं."

दिवाळीच्या आधी मी एकटाच महाडला गेलो, भाभींना सांगायला. मिस्तरींची छाती भरली होती, त्यांना घाट झेपणार नव्हता. घराला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, मावशी वारली, घर सोडायला लागलं, भाभी बंदरावरून बोटीनं गेल्या. कुठं? भावाकडं म्हणाल्या. भाऊ कुठं राहतो ते तिला माहीत नव्हतं. मी मशिदीत विचारलं, बंदरावर विचारलं. परत आल्यावर मिस्तरींना काय सांगावं ते मला सुचेना, म्हणून जे झालं ते सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर त्यांनी कुठलीच नळी बसवली नाही. पुढचा पावसाळा त्यांना दिसला नाही.

मी आता म्हातारा झालो आहे. वखार पडली, बोगद्यांचा पत्रा भंगारात गेला. हे सगळं लिहून काढलं ते मिस्तरींच्या तऱ्हा सांगून चार घटका हसवावं म्हणून नव्हे. भाभी असतील-नसतील. त्यांच्या भावाच्या घरातलं कुणी हे वाचेल अशीही आशा थोडीच आहे. पण निरोप माझ्याकडे राहिला आहे. भाभी, मिस्तरी बोलले. वखारीच्या अंगणात, सगळ्यांपुढे, दोनदा बोलले. मी तिथं उभा होतो.